जुनी ड्युअल-स्पोर्ट (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी मोटरसायकल) विकत घेण्याआधी बघायला मित्रांना न्यावं का?

रानवाट:
न्यावंच. तेही सल्ल्यासाठी नाही, हातांसाठी. या गाड्यांच्या काही तपासण्या एकट्याला धड करताच येत नाहीत. साइड स्टँडवर गाडी तिरकी करून एकाने पुढचं चाक जमिनीपासून उचलून धरायचं, दुसऱ्याने हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. बरोबर मधोमध अडकल्यासारखं झालं तर स्टीअरिंगच्या बेअरिंगला खाचा पडल्या आहेत. मग मागचं चाक अधांतरी धरून वर-खाली हलवा. शॉकअपवर भार येण्याआधीच थोडी मोकळी हालचाल जाणवली तर लिंकेजचे, म्हणजे शॉकअपला जोडणाऱ्या सांध्यांचे, बेअरिंग झिजलेत. आडवी हालचाल असेल तर स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे. चिखलपाण्यातून फिरलेल्या आणि ग्रीस न पाहिलेल्या गाडीत हे दोन्ही सापडतं.

चाचणी फेरीला तर मागून दुसऱ्या गाडीवर मित्र हवाच, कारण आपल्याच गाडीचा धूर आपल्याला दिसत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंग गेल्या असण्याची शक्यता. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दिल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्ह सील. दुरुस्तीच्या खर्चात दोन्हींचं अंतर मोठं आहे. पुढचं-मागचं चाक एका रेषेत धावतंय का, हेही मागच्यालाच कळतं.

चेनगार्ड:
अजिबात पटलं नाही. मित्र हात घेऊन येतात तसं तोंडही घेऊन येतात. एक जण ज्या गाडीवर बसतो तीच चांगली म्हणतो, दुसरा उंच असतो आणि सीटची उंची त्याला खटकत नाही. सुझुकीच्या डीआर-झेड ४०० एसची सीट ९३५ मिमी उंच आहे, कावासाकीच्या केएलआर ६५० ची ८७० ते ८९०. पण केएलआरचं वजन २०० किलोच्या घरात, डीआर-झेडचं साधारण १४५. पाय टेकतात का आणि आडवी पडलेली गाडी उचलता येते का, हे फक्त विकत घेणाऱ्याचं शरीर सांगू शकतं. शिवाय तिघं गाडीभोवती घिरट्या घालायला लागले की विकणारा बुजतो, आणि गाडीचा खरा इतिहास सांगायचा टाळतो. त्यापेक्षा एक चांगला मेकॅनिक तासाभराचे पैसे देऊन न्या.

थंडइंजिन:
चेनगार्ड, मेकॅनिकचा मुद्दा अर्धाच बरोबर. रोज शहरातल्या गाड्या उघडणाऱ्याला या गाड्यांच्या ठरावीक खोडी माहीत असतीलच असं नाही. जुन्या केएलआर ६५० मध्ये बॅलन्सरची (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या भागाची) चेन ताणणारा लिव्हर तुटतो किंवा त्याची स्प्रिंग निकामी होते, आणि तुकडे इंजिनात फिरतात. सुझुकीच्या डीआर ६५० मध्ये न्यूट्रल स्विचचे (गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे दाखवणाऱ्या स्विचचे) दोन स्क्रू आतल्या आत सैल होऊन गिअरमध्ये पडू शकतात. दोन्हीचा उपाय स्वस्त आहे, पण तो झालाय का हे बाहेरून दिसत नाही. म्हणून तीच गाडी काही वर्षं चालवलेला मित्र असेल तर तो न्या. काय विचारायचं ते त्याला ठाऊक असतं: "लिव्हर बदललाय का? पावती आहे का?"

आणि विकणाऱ्याला आधीच कळवा, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिला हात इंजिनच्या केसिंगला लावा. कोमट लागलं तर थंड असतानाची सुरुवात तुमच्यापासून लपवली गेली. व्हॉल्व्हचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली फट) कमी झालं असेल तर ते नेमकं तेव्हाच उघडं पडतं.

रानवाट:
चेनगार्ड यांचं एक मान्य: बोलणारा एकच असावा, आणि किमतीचा विषय निघाला की बाकीच्यांनी बाजूला जावं. पण मेकॅनिक असला तरी गाडीच्या मागून कोण जाणार?

चेनगार्ड:
मागून जायला एक पुरे, दोन कशाला? बाकी बरंचसं एकट्याने होतं. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायची, आणि ती रक्कम किमतीतून वजा. स्पोकवर पाना हळूच वाजवा, सैल स्पोक भद्द वाजतो. बॅटरीवर मल्टिमीटर लावा: बंद असताना १२.६ च्या आसपास, इंजिन सुरू करून वेग थोडा वाढवल्यावर १४ व्होल्टच्या जवळ. वाढतच नसेल तर चार्जिंगमध्ये गडबड. चेसिस आणि इंजिन नंबर कागदांशी जुळवा. ते जुळले नाहीत तर बाकी काहीही न तपासता परत फिरा.

थंडइंजिन:
एअर फिल्टर कुणीच कसा काढला नाही? या गाड्यांत तीच माझी पहिली तपासणी. फिल्टर बाहेर काढून त्याच्या पलीकडच्या रबरी नळीत पांढरं फडकं बोटावर गुंडाळून फिरवा. फिल्टर मळका असला तर हरकत नाही, पण नळीत बारीक माती लागली तर ती सिलिंडरपर्यंत गेलेली आहे, मग मीटरवर किलोमीटर कितीही कमी दिसू देत. स्किड प्लेटच्या (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या) वरच्या बाजूलाही बोट फिरवा. तिथे वाळलेल्या चिखलावर तेल साचलं असेल तर गळती जुनी आहे. वरवर धुतलेल्या गाडीत ती जागा बहुतेक सुटते.

चेनगार्ड:
नळीचं मान्य. तेवढ्यासाठी मात्र एक मित्र आणि एक फडकं पुरे.