अनुभव धागा : जिवलग मैत्री आणि दहावी-बारावीतलं प्रेम, मधे सापडलेल्यांनी लिहा

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. दहावी-बारावीतलं प्रेम म्हणलं की आपण त्या दोघांबद्दलच बोलतो, पोरगा कोण, पोरगी कुणाची, घरच्यांनी काय केलं. पण त्यात अजून एक जण असतंय. अंगणवाडीपासून सोबत असलेली मैत्रीण नाहीतर दोस्त, जिच्या कंपासमधून चिठ्ठी जाते, जिच्या नावावर "अभ्यासाला चालले" म्हणून घरी सांगितलं जातं, आणि प्रकरण उघडं पडलं की पहिला जाब तिलाच. आपल्याकडं मैत्रिणीची आई म्हणजे काकीच असते, तिच्या हातचे धपाटे खाऊन मोठं झालेलो असतो आणि तिच्याच तोंडावर खोटं बोलायची पाळी येते. हे ओझं कुणी धरतच नाही. माझी लातूरला ट्यूशनच्या पोरींची मेस आहे, जेवताना शेजारी बसणाऱ्या दोघी अचानक दोन टोकाला बसायला लागल्या की मला कळतं काहीतरी झालंय, आणि बऱ्याचदा कारण हेच निघतं. म्हणून धागा काढलाय. नावं, शाळा, कॉलेज लिहू नका, बाकी मोकळेपणानं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. औसा तालुक्यातलं गाव, मी आणि ती एका गल्लीतल्या, शाळेला एसटी बसनं जायचो. अकरावीत तिचं बसस्टँडजवळच्या रिचार्जच्या दुकानातल्या पोरासोबत सुरू झालं. पोरगा वाईट नव्हता हे आधीच सांगते. पण बस चुकली, जादा तास होता, प्रॅक्टिकल होतं, ही सगळी कारणं माझ्या तोंडून जायची कारण काकींचा माझ्यावर विश्वास.

त्या वर्षी येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आम्ही त्यांच्याच शेतात होतो. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, पूजा झालेली, माणसं पंगतीला बसलेली. काकी मला भज्जी वाढायला वाकल्या आणि वाढता वाढताच हळू म्हणल्या, "माय, तुला ठाऊक असंल तर सांग, पोरगी रातच्याला रडूलाली." हातातली पळी तशीच धरलेली, त्यातली भज्जी माझ्या भाकरीवर सांडत होती आणि त्यांचं लक्षच नव्हतं. मी म्हणलं, काकी, तिचं तिनंच सांगावं, मी तिला तुमच्यापाशी बसवते, पण माझ्याकडून काढू नका. एवढंच बोलले. त्याच संध्याकाळी आंबिलीचा माठ धुताना मैत्रिणीला सांगितलं की आईला अंदाज आलाय, आता तूच बोल, इथून पुढं माझ्या तोंडून खोटं जाणार नाही. ती इतकी चिडली की बसमध्ये माझ्याशेजारी बसणं बंद केलं, बारावी संपेस्तोवर. पण आईशी बोलली ती. मारझोड झाली नाही, लग्नाची घाई झाली नाही, काकींनी काकांना थांबवून धरलं आणि पोरीला शिकू दिलं. ते प्रेम पुढं आपोआप विरलं. आमची गाठ पडली ती तिच्या डीएडला, ती आपणहून घरी आली, आणि आज तिची लेक माझ्या मेसमध्ये जेवते. मी तेव्हा बरोबरच वागले असं मला आजही वाटतं.

उसाचं_पाचट

ताई, पोरांचं पण लिहितो. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडं दसरा झाला की आईबाप ऊसतोडीच्या टोळीसोबत कारखान्याला जातात, मुकादमाची उचल घेतलेली असती, मग परत यायचं थेट उन्हाळ्याच्या तोंडाला. मी आणि माझा दोस्त दोघं मागं आज्यांपाशी राहायचो. म्हणायला दोन घरं पण चूल एकच, एक दिवस त्याच्या आजीकडं भाकरी दुसऱ्या दिवशी माझ्या. असा दोस्त सख्ख्या भावात पण भेटत नाही.

त्याचं एका पोरीवर जीव लागला, ती दहावीला. तिच्या घरच्यांनी लग्न ठरवलं कारण तेही टोळीला जाणारे, मागं वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती, आणि नवराबायको जोडी झाली की एक कोयता धरतात मग उचल पण मिळते, हे आमच्याकडचं गणित आहे, बाहेरच्याला ते ऐकून राग येतो पण त्या आईबापाची पण कोंडी असती. दोस्त माझ्याकडं आला, म्हणला मामाची गाडी दे आणि थोडे पैसे दे, मी तिला घेऊन जातो. तो स्वतः सतरा वर्षाचा. मी गाडी दिली नाही. त्याला म्हणलं तू तिला पळवून नेलं तर तिचं लग्न मोडंल पण तू आत जाशील आणि तिची शाळा तशीबी सुटंल. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सकाळी मी १०९८ ला फोन लावला, चाइल्ड हेल्पलाइन. आमच्याकडं बालविवाह थांबवायची जिम्मेदारी ग्रामसेवकावर असती, ते आले, अंगणवाडीच्या ताई आल्या, २००६ चा कायदा सांगितला, पोरगी १८ पोरगा २१, तिच्या बापाकडून लिहून घेतलं. लग्न थांबलं.

दोस्ताला वाटलं मी त्याची चुगली केली. कारण त्या चौकशीत त्याचंबी नाव निघालं, गावात चर्चा झाली, आणि ती पोरगी पुढं मामाच्या गावाला शिकायला गेली ती गेलीच. मला म्हणला, "कामून रं, तुला गाडीच द्यायची होती ना निस्ती." त्यानंतर आम्ही बोललो नाही. आज पण नाही. तो ट्रॅक्टर चालवतो, समोरून आला तर हॉर्न मारत नाही. पण मागच्या जूनपासून त्याची पोरगी माझ्या बायकोकडं शिकवणीला येती. त्यानंच पाठवली. फीचे पैसे पोरीच्या दप्तरात घडी करून ठेवलेले असतात, त्यावर त्याच्या हातानं माझ्या बायकोचं नाव लिहिलेलं असतं. माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

सिडकोची_मुलगी

वाचून गळा दाटला भाऊ.

माझं जरा वेगळं. छत्रपती संभाजीनगर. मी मधली नव्हते, माझं प्रेमच मैत्रिणीच्या भावावर बसलं. रो हाऊसची भिंत एक, टेरेसवरून इकडून तिकडं, पापड कुरडया एकाच चादरीवर वाळायच्या. तो बारावीत मी दहावीत. मैत्रिणीला आम्ही सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली होती की आता तू कायमची आमच्याच घरात. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला तिघं मिळून जायचो आणि ती मुद्दाम बांगड्यांच्या दुकानापाशी रेंगाळायची, आम्हाला बोलता यावं म्हणून.

मग तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि पहिल्याच वर्षात सगळं संपलं, त्याच्याकडून. आता सांगते मला काय गेलं. पोरगा गेला त्याचं दुःख दीड-दोन वर्षात सरलं. पण ते घर गेलं. त्या घरातला तिसऱ्या पायरीवरचा माझा कोपरा, काकांचा संध्याकाळचा चहा, काकूंनी माझ्यासाठी बाजूला ठेवलेली साय, सगळं एका दिवसात बंद, कारण तिथं गेलं की तो दिवाळीला आलेला असणार. मैत्रीण बिचारी दोन्हीकडून भरडली. माझी बाजू घेतली तर भावाशी भांडण, नाही घेतली तर मी दुखावणार. ती गप्प बसली आणि मला तेव्हा त्या गप्पपणाचाच जास्त राग आला. सोळा वर्षाच्या पोरीनं अजून काय करायला पाहिजे होतं, हे मला आता कळतं. आम्ही आता बोलतो, छान बोलतो, तिच्या लग्नात मी पुढं होऊन सगळं केलं. भाऊ सोडून सगळ्या विषयांवर बोलतो.

परभणीकर

आमची मैत्री तुटली आणि ती जोडावी असं मला वाटत नाही. ती त्याच्यासोबत फिरायची आणि घरी माझं नाव सांगायची, इथपर्यंत मी सोसलं. पण पकडली गेली तेव्हा वडलांसमोर म्हणाली की हिनंच मला नादी लावलं. माझ्या घरी येऊन तिचे वडील माझ्या आईला जे बोलले ते मी विसरणार नाही. एवढंच.

मांजराकाठ

@परभणीकर, टिकवलीच पाहिजे असं कुठंय. तुम्ही लिहिलंत हेच बरं केलंत.

एक_मास्तर

मी हिंगोली जिल्ह्यात ज्युनियर कॉलेजला शिकवतो, परभणीकर ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. पोरापोरींना एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात १८ वर्षाखालचं प्रत्येक जण लेकरू धरलं जातं, आणि पोरगी म्हणली की मी माझ्या मर्जीनं गेले तरी कायदा ती मर्जी धरत नाही. पोरगा १८ च्या आत असला तर बाल न्याय मंडळापुढं, वर असला तर थेट कोर्टात. आणि पळून जायला गाडी कुणी दिली, खोली कुणी दाखवली, पैसे कुणी दिले, ही विचारणा दोस्तांपर्यंत येते. मी एका विद्यार्थ्याच्या बापासोबत पोलीस ठाण्यात बसलेलो आहे. पोराचा त्या प्रेमाशी काही संबंध नव्हता, त्यानं फक्त दोस्तीखातर मोबाईल दिला होता. बाप सोयाबीन काढायचं सोडून आलेला, पायाला चिखल तसाच, आणि सारखं एकच म्हणायला, "सर, ह्यानं काऊन दिला असंल हो फोन." पोराला शेवटी काही झालं नाही, पण ज्याच्यासाठी फोन दिला त्याच्या घरच्यांनी त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही.

म्हणून मी वर्गात स्पष्ट सांगतो, दोस्ताचं ऐकून घ्या, त्याच्यासोबत रडा, पण गाडी, फोन आणि खोटं नाव ह्या तीन गोष्टी देऊ नका. जो खरा जिगरी आहे तो ह्या मागूच नये.

लोहाऱ्याचा

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठा आहे. आमच्या वेळेला फोन नव्हता. मी आणि माझा दोस्त, गावातल्या एकाच मुलीसाठी आम्ही अकरावीत असताना फाटलो. भांडण झालं नाही, त्याला कळलं की तिनं उत्तर मला दिलं आणि तो लातूरला होस्टेलला निघून गेला, सुट्टीला आला तरी माझ्या गल्लीतून जायचा नाही. पुढं मुलीचं लग्न भलत्याच ठिकाणी झालं.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपली होती, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आमचं घर मातीमाळवदाचं, दगडी भिंतीचं. माझा धाकटा भाऊ आणि आजी गेले. दुपारपर्यंत दोस्त मिळेल त्या ट्रकनं लातूरहून आला. त्याच्या घरात सगळे वाचले होते, तरी तो स्वतःच्या घरी न जाता आधी आमच्या ढिगाऱ्यावर आला आणि माझ्यासोबत हातानं दगड काढायला लागला. पाऊस लागला होता. भावाला त्यानंच उचललं, मला उचलू दिलं नाही.

नंतर पत्र्याच्या शेडमधी आम्ही कित्येक महिने शेजारी राहिलो. त्या मुलीचा विषय त्यानंही काढला नाही मीही काढला नाही, आणि खरं सांगायचं तर काढायची गरजच राहिली नव्हती. दोस्त आता नाही, चार वर्षांपूर्वी हार्टनं गेला. ह्या धाग्यामुळं पहिल्यांदा कुणाला सांगतोय.

मांजराकाठ

काका, नमस्कार करते तुम्हाला. सकाळपासून तुमचं दोनदा वाचलं.

नीट_वाली

मी सतरा वर्षाची आहे, लातूरमध्ये रूमवर राहते, नीटची तयारी. माझी रूममेट माझी पहिलीपासूनची मैत्रीण, आमच्या गावाकडचीच. तिचे मम्मीपप्पा तिला साधाच फोन देतात म्हणून ती माझ्या फोनवरून त्याच्याशी बोलते, माझ्या इन्स्टावरून. आता तो मलाच मेसेज करतो की तिला समजाव, तिला फोन दे, रात्री दोन दोन वाजेपर्यंत. टेस्टमध्ये माझे मार्क घसरले. नाही म्हणलं तर ती म्हणते तू बदललीस. तिची मम्मी दर रविवारी डबा घेऊन येते आणि मला पण भरवते, मला घास गिळत नाही. काय करू?

मांजराकाठ

बाळा, सगळ्यात आधी आजच इन्स्टाचा पासवर्ड बदल आणि त्या पोराला ब्लॉक कर, त्यासाठी तिची परवानगी लागत नाही, खातं तुझं आहे. मग तिला दिवसा, पोट भरलेलं असताना सांग, रात्री नाही. म्हण की फोन देणार नाही, पण तुला मम्मीशी बोलायचं असंल तर मी शेजारी बसते. दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हण, नुसतं पहिलं ऐकलं तर ती तुटंल. आणि तो पोरगा धमकी द्यायला लागला, फोटो-बिटो म्हणायला लागला तर एक दिवस पण थांबू नको, मोठ्या माणसाला सांग, १०९८ लाव, नाहीतर सरळ मला मेसेज कर, मी येते रूमवर.

उसाचं_पाचट

ताईनं सांगितलं तसंच कर. ती रुसंल. रुसू दे.

नीट_वाली

सगळ्यांना थँक्यू. काल दुपारी बोलले. आधी खूप भांडली, माझी उशी फेकून दिली, म्हणाली आपली मैत्री संपली. संध्याकाळी क्लासला वेगळी गेली. रात्री लाईट बंद केल्यावर तिनं विचारलं की त्यानं मला नेमकं काय काय मेसेज केले होते. मी सगळे दाखवले. तिला ते माहीतच नव्हते, वाचून खूप रडली. आत्ता सकाळी म्हणाली, रविवारी मम्मी आली की तू खाली जाऊ नको, रूममध्येच थांब.