मे महिन्यात ताडोबा, सोबत पोरं... कोअर की बफर?

भटकी_पुणेकर: मेच्या दुसऱ्या आठवड्यात ताडोबाला जायचं घाटतंय, सोबत 6 आणि 9 वर्षांची पोरं. दीर म्हणतो बफरमधे (कोअरभोवतीचं बाहेरचं जंगल) पैसे घालवू नका, वाघ बघायचा तर कोअरच, म्हणजे आतला मुख्य गाभा. चंद्रपूरचं ऊन ऐकून पोटात गोळा येतोय. मोबाईल नेऊ देतात का आत?

चांदावाला: ताई, वाघाला काय गेटपास लागतो का 😄 आमच्याकडे तर पार वीज केंद्राच्या आवारात वाघ दिसलेत. आगरझरी, जुनोना बफरच आहे, मस्त आहे. पोरांना सकाळचीच सफारी करा, दुपारची मे मधे अजिबात नको, अन् ओला दुपट्टा ठेवा. कोअर मंगळवारी बंद, मोबाईल आत चालत नाही, ओरिजनल आयडी विसरू नका नाहीतर गेटवरूनच वापस. पानगळ झालेली असते म्हणून लांबवरचं दिसतं, पाणवठ्यावर गाडी बंद करून अर्धा तास बसा फक्त.

रानवेडा_७२: बसा म्हणायला सोपंय! आमच्या वेळी वाघीण रस्ता ओलांडायला निघाली अन् दोन्हीकडून जिप्स्या, एक पिल्लू बांबूआड अडकलेलं, ती कान पाडून मागे बघतेय आणि आमच्याच गाडीतले काका ड्रायव्हरला "अजून थोडी पुढे घे, टिप देतो". 31 डिसेंबर 2024 ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 नावाच्या वाघिणीला बछड्यांसकट असंच घेरलं होतं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाडीत बसतानाच सांगून टाका, आम्हाला जवळ नाही जायचं.

मोहफूल: मे म्हणजे आमच्याकडे तेंदूपत्ता, विडीची पानं तोडायचे दिवस. बाया पहाटेच टोळीनं निघतात, मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत, कारण वाकून पानं तोडणारा माणूस वाघाला माणूस वाटतच नाही. मार्च-एप्रिलमधे मोह वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, कितीतरी वणवे तिथूनच लागतात, पण घरात दुसरा पैसा नसला की कोण ऐकणार? म्हणून म्हणते, मोठ्या रिसॉर्टपेक्षा गावातला होमस्टे बघा. लेडी गाइड पण आहेत, पोरांना पाऊलखुणा, वाघाने नखं ओरबाडलेलं खोड असं सगळं दाखवतात.

भटकी_पुणेकर: थँक्यू सगळ्यांना 🙏 दोन बफर, एक कोअर ठरवतेय, सगळ्या सकाळच्याच. धाकटा विचारतोय वाघ नाही दिसला तर पैसे परत देतात का.

चांदावाला: नाही देत 😂 रानकुत्री दिसली तर त्यालाच वाघ समजू नको म्हणा.