चांदीची अंगठी फोटोत निस्तेज, राखाडी येते

प्रश्न:
नमस्कार मंडळी. मी पॉलिश केलेल्या चांदीच्या अंगठ्यांचे फोटो काढते आहे. बॅकग्राउंड पांढरी, पांढऱ्या कापडाचा लाइट टेंट आणि दोन्ही बाजूंना एकेक एलईडी पॅनल. हातात धरली की लखलखणारी अंगठी फोटोत अ‍ॅल्युमिनियमसारखी दिसते, वर मधोमध लेन्सचा काळा ठिपका. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) फिरवून पाहिला, काही फरक नाही. अजून एक लाइट घेऊ का?

उत्तर:
नको, उलट आहेत त्यातला एक बंद करा!

पॉलिश केलेली चांदी समोर जे असेल ते दाखवते. टेंटमध्ये चहूकडे एकसारखं पांढरं, म्हणून अंगठीही एकसारखी. उजेडाला लागून काळोख आला की डोळ्याला चकाकी जाणवते, आणि तुमच्या फोटोत लेन्सचा ठिपका सोडला तर काळं काही नाहीच.

टेंट बाजूला ठेवा. अंगठीच्या एका अंगाला, वीतभर अंतरावर, ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव किंचित वाकवून उभा करा आणि पॅनल त्याच्या मागे. पॅनल कागदाला अगदी चिकटवलं तर मधे झगझगीत पट्टा येतो, फार लांब नेलं तर सगळा ताव सारखा उजळतो. मधली जागा शोधा. उजेड हळूहळू उतरत गेला की अंगठीची गोलाई दिसते. दुसऱ्या अंगाला साधा पांढरा कार्ड पुरे.

मग काळ्या कार्डाच्या बोटभर रुंद पट्ट्या फ्रेमच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंना उभ्या करा. अंगठीच्या काठावर बारीक काळी रेघ उमटते आणि पांढऱ्या बॅकग्राउंडमध्ये काठ विरघळत नाही. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) मोठा करून पट्टी केसभर सरकवत बघा. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, आणि तो सत्कारणी लागतो.

लेन्सचा ठिपका: बाहेरच्या गोलाईचा कुठला तरी भाग लेन्सकडे तोंड करून असणारच. १०० मिमी मॅक्रो (जवळून फोटो काढायची लेन्स) असेल तर मागे सरका, ठिपका लहान होतो. शिवाय एक काळी पट्टी लेन्सला लागूनच धरा, ठिपका त्या काळ्या रेघेत मिसळून जातो.

पोलरायझर काढून ठेवा. काचेवर, वार्निशवर तो कामाचा, धातूवर एकटा जवळपास निरुपयोगी. लाइटवरही पोलरायझिंग फिल्म लावून लेन्सवरचा पोलरायझर तिला आडवा फिरवलात तर चांदी काळीठिक्कर पडेल.

आणखी एक उत्तर:
वरच्याशी सहमत. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि गडद कपडे घाला, लाल शर्टसुद्धा चांदीत उतरतो. १:१ मॅग्निफिकेशनला (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) एफ/११ म्हणजे प्रत्यक्षात जवळपास एफ/२२, तेव्हा अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) आणखी बंद करून शार्पनेस घालवू नका. एफ/८ ला फोकस पुढेमागे करत फ्रेम्स घ्या आणि स्टॅक करा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे स्पष्ट भाग एकत्र जोडा. धुळीसाठी ब्लोअर हाताशी ठेवा.

प्रश्नकर्ती:
एक पॅनल बंद करून काळ्या पट्ट्या लावल्या, अंगठी एकदम जिवंत झाली! पण खडा असलेली अंगठी ठेवली तर खडा मंद दिसतो.

उत्तर:
खड्याला लहान, कडक उजेड लागतो, मऊ उजेडात त्याचे पैलू झोपतात. कॅमेरा ट्रायपॉडवर जराही न हलवता दुसरी फ्रेम घ्या, या वेळी ताव काढून छोटा टॉर्च थोडा वरून. टॉर्च फिरवत राहा, पैलू चमकले की क्लिक करा. नंतर फोटो एडिटरमध्ये लेयर मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारं साधन) लावून या फ्रेममधला फक्त खडा पहिल्या फ्रेमवर घ्या.