मदत हवी आहे: सायटेशनच्या जाळ्यात नालगोंडा सापडत नाहीये

नमस्कार मंडळी. नागपुरात पीएचडी करतेय. पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढण्याचं संशोधन कसकसं वाढत गेलं, हे सायटेशन नेटवर्कवरून, म्हणजे कोणत्या पेपरने कोणाचा संदर्भ दिला त्या जाळ्यावरून, दाखवायचं आहे. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधून डेटा उतरवला, व्हीओएसव्ह्यूअर या जाळ्याचं चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. चित्र देखणं आलं. ॲडसॉर्प्शनचा (घन पदार्थाच्या पृष्ठभागावर फ्लोराइड चिकटवून काढण्याचा) भलामोठा लाल गोळा, कडेला मेम्ब्रेनवाल्यांचा (पडद्यातून पाणी गाळणाऱ्यांचा) हिरवा.

पण नालगोंडा तंत्र कुठाय? तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर टाकून फ्लोराइड गाळासोबत खाली बसवायची ही पद्धत आपल्या इथल्या नीरीची (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची), 1970च्या दशकातली. चित्रात ठिपकासुद्धा नाही. गाइड म्हणतात, "मग तेवढा प्रभाव नसेल." मी रोज नीरीच्या फाटकावरून जाते हो, कसं पटावं?

म्हणून संदर्भयाद्या हाताने चाळल्या. नवलाखे आणि सहकाऱ्यांचा 1975चा पेपर भरपूर जणांनी दिलाय, पण कुठे आडनावाचं स्पेलिंग वेगळं, कुठे जर्नलचं नाव तोडलेलं, कुठे पान नंबरच गायब. आता काय करू? सोमवारी सादरीकरण आहे.

कागदकिडा: ताई, ॲनालिसिस कोणतं निवडलंय? नुसतं 'सायटेशन' असेल तर फक्त उतरवलेले पेपर दिसतात. ज्या जुन्या जर्नलची नोंदच डेटाबेसमध्ये नाही, त्यातला पेपर येणार कुठून? 'को-सायटेशन', त्यात 'साइटेड रेफरन्सेस' (संदर्भयाद्यांतल्या नोंदी) घ्या. दोन पेपर एकत्र किती वेळा उद्धृत झाले ते मोजायची ही पद्धत, हेन्री स्मॉल यांनी 1973मध्ये मांडलेली. आधी थिसॉरस फाइल (कोणतं रूप कोणत्या नावाने मोजायचं त्याची यादी) करून सगळी रूपं एका नावाखाली आणा, नाहीतर प्रत्येक रूप किमान सायटेशनच्या अटीतच गळतं.

वऱ्हाडी_पाणी: पण 'कसं वाढत गेलं' म्हणता ना? मग गोळे पाहून भागत नाही, क्रम लागतो. हमन आणि डोरियन यांनी 1989मध्ये डीएनएच्या संशोधनावर मेन पाथ, म्हणजे संदर्भांच्या जाळ्यातली मुख्य वाट, काढून दाखवला होता. पायेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते ते. फक्त एकमेकांचाच संदर्भ देणारे पेपर आधी सोडवा, चक्र असलं का वाट निघत नाही. अन् 1975चा पेपर हातानं घाला, त्याची संदर्भयादीही जोडा. नाहीतर जाळ्याची सुरुवातच तिथून झाली असं दिसन, अन् गाइड तिथंच पकडतीन.

धागाकर्ती: रात्री बसून नऊ रूपं एक केली. ठिपका उमटला! आता ती संदर्भयादी हवी. मूळ अंकाची छापील प्रत नागपुरात कोणी पाहिलीय का?