मागच्या सीटवर दूध घातलेली कॉफी सांडली: डाग फिका झाला, पण वास जात नाही

राखाडी_सीट

काही दिवसांपूर्वी गाडी चालवताना अचानक ब्रेक लावावा लागला आणि मागच्या सीटवरचा कॉफीचा मोठा पेला आडवा झाला. भरपूर दूध आणि साखर घातलेली कॉफी होती. झाकण निघालं आणि जवळपास सगळी कॉफी सीटवर, काही सीट आणि दाराच्या मधल्या फटीत गेली. गाडी लगेच थांबवणं शक्य नव्हतं. घरी पोचल्यावर ओल्या फडक्याने पुसलं, नंतर साबणाच्या पाण्याने घासलं.

डाग तेव्हा गेला. सीट वाळल्यावर कडेने तपकिरी रेघ उमटली. पुन्हा पुसलं, पुन्हा उमटली. पण डागाचं मला इतकं नाही. वास असह्य झाला आहे. सकाळी जेमतेम जाणवतो, गाडी उन्हात उभी राहिली की दार उघडताच आंबट, खवट भपकारा येतो. आई नेहमी मागेच बसते. तिला आता गाडीत बसल्या बसल्या मळमळतं आणि ती काही न बोलता काच खाली करते. तिच्यासाठी हे लवकर मार्गी लावायचं आहे.

सीट कापडी आहे, फिकट राखाडी. सुगंधी डबी लावून पाहिली, तर दोन्ही वास एकत्र होऊन आणखी वाईट झालं. नक्की काय करू?

निवांत_चालक

व्हिनेगर आणि बेकिंग सोडा एकत्र करून टाका, फेस येतो आणि घाण वर येते. रात्रभर ठेवून सकाळी व्हॅक्यूम करा. आमच्याकडे सरबत सांडलं होतं तेव्हा चाललं होतं.

उसवण_शिवण

मी गाड्यांच्या सीट शिवते. जुनं कव्हर उसवलं की आतला फोम समोर येतो आणि त्या सीटवर काय काय सांडलं होतं ते बहुतेक वेळा त्यावरच दिसतं. त्यामुळे आधी एक सांगते: तुम्हाला डाग दिसतो ती जागा आणि वास येतो ती जागा एक नाही. डाग कापडावर आहे. वास खाली आहे.

कापडी सीटचं वरचं कापड पातळ असतं, त्याच्या पाठीला फोमचा पातळ थर चिकटवलेला असतो आणि त्याखाली मुख्य जाड फोम. पेय सांडलं की ते कापडातून झिरपतंच, पण सगळ्यात वेगाने शिवणीतून उतरतं. सुईची भोकं म्हणजे ओळीने मांडलेली गाळणीच. त्यातून गेलेली कॉफी फोमच्या तळाशी जाऊन बसते. वरून ओलं फडकं फिरवलं की तीच कॉफी पातळ होऊन आणखी पसरते. मग सीट वरून वाळू लागते, आतली ओल वर ओढली जाते, येताना रंग आणि साखर घेऊन येते, पाणी उडून जातं आणि रंग कापडावर राहतो. तुमची तपकिरी रेघ ती हीच. आत माल आहे तोवर ती परत परत येणार.

आता वासाचं. नुसती काळी कॉफी असती तर इतका त्रास झाला नसता. दुधातल्या साखरेचं जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, तो आंबटपणा. दुधातल्या स्निग्धांशाचे तुकडे होतात तेव्हा ब्युटिरिक आम्ल सुटतं, तो खवट वास. हे आम्ल अगदी थोडं असलं तरी नाकाला लागतं. उष्णतेने जिवाणू जोमात येतात आणि वासाचे रेणूही जास्त उडतात, म्हणून दुपारी भपकारा. सुगंधी डबीने यातलं काहीच कमी होत नाही, कृपया ती काढून टाका. वास खरंच कमी झाला की नाही हेही तिच्यामुळे कळत नाही.

पहिलं काम, कॉफी कुठवर गेली ते शोधा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटची बसायची गादी पुढच्या कडेला क्लिपांनी अडकवलेली असते आणि वर उचलली की सुटते. काही गाड्यांत बोल्ट असतात. गाडीच्या पुस्तिकेत पाहा, जोर लावून ओढू नका. गादी निघाली की खालून फोमला हात लावा, नाक लावा. खालचा पत्रा आणि त्यावरचं नमद्यासारखं अस्तर पाहा. सीट आणि दाराच्या फटीतून गेलेली कॉफी बहुधा तिथेच सापडेल.

मग धुणं. पाणी गार किंवा कोमट, कढत नको. कढत पाण्याने दुधातली काही प्रथिनं घट्ट होऊन धाग्यात बसतात. साबण कमी वापरा, त्याचा उरलेला थर पुढे धूळ धरतो. थोडं पाणी घाला आणि लगेच ओढून घ्या. ओढायला ओलं खेचणारा व्हॅक्यूम हवा. घरातला साधा व्हॅक्यूम पाण्यासाठी नसतो, त्याने विजेचा धक्का बसू शकतो. तसं यंत्र नसेल तर जाड कोरडा टॉवेल घडी करून ठेवा आणि त्यावर गुडघ्याने पूर्ण भार द्या. टॉवेल बदला, पुन्हा दाबा. घासू नका. घासल्याने कापडाची लव विसकटते आणि डाग रुंदावतो. खेचलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. कंटाळवाणं आहे, पण सगळं यश इथेच आहे.

त्यानंतर एन्झाइम असलेला क्लीनर. लेबलवर प्रोटीएज आणि लायपेज आहेत का पाहा: पहिलं प्रथिनं तोडतं, दुसरं स्निग्धांश. लोक इथे घाई करतात. वरून फवारा मारून दहा मिनिटांत पुसून टाकलं तर काही होत नाही. कॉफी जितकी खोल गेली तितकं हे द्रावण खोल गेलं पाहिजे, आणि ते ओलं आहे तोवरच काम करतं. तुमची गादी बाहेर निघत असेल तर खालच्या बाजूनेही द्या, वर प्लास्टिकचा कागद पसरा म्हणजे लवकर वाळणार नाही, आणि लेबलवरचा वेळ पूर्ण द्या. नंतर साध्या पाण्याने धुऊन पुन्हा ओढून घ्या. याआधी व्हिनेगर, ब्लीच किंवा जंतुनाशक मारलं असेल तर ते आधी धुऊन काढा, त्यांनी एन्झाइम निकामी होतात.

तपकिरी रंग शेवटी. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, पांढऱ्या फडक्याने टिपत जा. तरी छटा उरली तर फिकट कापडावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण ते रंग उडवू शकतं. आधी गादीच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही तिथे लावून पूर्ण वाळू द्या आणि मगच ठरवा. गडद कापडावर आणि चामड्यावर ते मी वापरत नाही.

@निवांत_चालक, सरबतात नुसती साखर आणि आम्ल असतं, ते साध्या पाण्यानेही निघतं. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केले की ते एकमेकांनाच संपवतात: कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि मागे पाण्यात विरघळलेलं सोडियम अॅसिटेट राहतं. फेस छान दिसतो, पण दोघांचाही गुण गेलेला असतो. सोडा एकटा, कोरड्या कापडावर उपयोगी आहे. तो आम्लाशी मिळून त्याचा क्षार करतो आणि क्षार उडत नाही, म्हणून वास घटतो. फक्त तो जिथे टेकतो तिथेच. फोमच्या तळाला तो पोचत नाही.

राखाडी_सीट

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. गादी निघाली. तुम्ही म्हणालात तसंच होतं, खाली पत्र्यावर चिकट तपकिरी थर आणि अस्तराचा एक कोपरा अजून दमट. दाराच्या बाजूला पायाखालचं कार्पेटही दाबलं की ओलं लागतं. तिथे काही सांडल्याचं मला दिसलंही नव्हतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पट्ट्याचं बकल चिकट झालंय, लाल बटण दाबल्यावर हळूच वर येतं, त्यात तेल घालू का? वाफेच्या यंत्राने साफ केलं तर जंतू मरतील का? आणि एका दुकानात ओझोन मारून घ्या म्हणाले, ते करावं का?

उसवण_शिवण

बकलमध्ये तेल अजिबात नको. तेलावर धूळ बसून ते आणखी अडखळेल. आत साखर आहे आणि साखर पाण्यातच विरघळते. बकल खाली वाकवून धरा, कोमट पाणी थोडं थोडं सोडा, बटण दाबत राहा, खाली टॉवेल धरा. बकलला वायर जोडलेली असेल तर पाणी ओतू नका, फडकं ओलं करून पट्टीच्या टोकाने आत फिरवा. नीट वाळल्यावर पट्टा बऱ्याचदा लावून, ओढून पाहा. खट्कन बसत नसेल किंवा शंका जरी वाटली तरी बकल बदलून घ्या आणि तोवर त्या जागी कुणाला बसवू नका. तुमच्या आई तिथे बसतात म्हणून हे मुद्दाम सांगते.

पट्ट्यावर कॉफी उडाली असेल तर तो पूर्ण बाहेर ओढून क्लिपने अडकवा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. ब्लीच, रंग, थिनर यांनी पट्ट्याचा धागा कमकुवत होतो. अपघातात त्याच धाग्यावर सगळा भार येतो.

वाफ आत्ता नको. दुधाचा अंश निघून गेल्यावर चालेल, आधी मारली तर तीच प्रथिनं फोममध्ये शिजतील. छताच्या कापडाला तर वाफ लावूच नका, त्याचा गोंद सुटून कापड लोंबतं.

ओझोन हा अगदी शेवटचा उपाय आहे. फोममध्ये दूध असताना मारला तर वास काही दिवस दबतो आणि परत येतो, कारण तो बनवणारा माल तसाच राहतो. शिवाय ओझोन फुप्फुसांना घातक आहे आणि रबराला तडे पाडतो. मारायचाच झाला तर गाडीत माणूस किंवा प्राणी नको, थोडा वेळ मारायचा आणि नंतर चारही दारं उघडी ठेवून भरपूर हवा खेळू द्यायची. आधीची कामं नीट झाली तर बहुतेक त्याची गरजच पडत नाही.

कार्पेटचं मात्र आज हाती घ्या. कार्पेटखाली जाड नमद्याचा किंवा फोमचा थर असतो. वरचं कार्पेट हाताला कोरडं लागलं तरी तो ओला राहतो, आणि ओली जागा एक-दोन दिवसांत बुरशी धरू शकते. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी बहुतेक गाड्यांत क्लिपांवर असते, ती काढली की कार्पेटची कड वर येते. खालचा थर टॉवेलने दाबून पिळून घ्या, एन्झाइम द्या, पुन्हा ओढून घ्या. मग कार्पेट आणि थर यांच्या मध्ये काहीतरी टेकू ठेवून पंख्याचा वारा सरळ त्या फटीत सोडा. नुसत्या काचा खाली करून ते वाळत नाही.

पाना_दहा

मी मेकॅनिक आहे, सीटचं वर सगळं बरोबर सांगितलंय. वायरिंगचं सांगतो.

कार्पेट उचलाल तेव्हा खाली वायरींचे जुडगे दिसतील. काही गाड्यांत कंट्रोल युनिटसुद्धा कार्पेटखाली असतं. तिथे पाणी ओतायचं नाही, फक्त दमट फडकं. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे किंवा पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. ते ओढू नका. पुढची सीट काढायची वेळ आली तर ते काम गॅरेजवर सोपवा. इग्निशन चालू असताना असा कनेक्टर सुटला तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

साखरेचं पेय कनेक्टरमध्ये गेलं की तांब्यावर हिरवा थर चढतो आणि बिघाड काही महिन्यांनी डोकं वर काढतो. म्हणून आत्ताच प्रत्येक कनेक्टरच्या तोंडाशी चिकटपणा आहे का ते बघा. पेय काचेच्या स्विचांवर किंवा गियरजवळच्या बटणांवर सांडलं तर गाडी बंद करा, बटणं दाबत बसू नका आणि टिपून घ्या. स्विच काढून, बॅटरीची ऋण तार सोडवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात. ते चामड्यावर किंवा चकचकीत प्लास्टिकवर सांडू देऊ नका.

राखाडी_सीट

पिवळा कनेक्टर दिसला, हात लावला नाही. बकल आता खट्कन बसतं. गादी एन्झाइमने दोन्ही बाजूंनी भिजवून, धुऊन वाळायला ठेवली आहे आणि नाक लावलं तरी आता फक्त ओल्या कापडाचा वास येतो. पण गादी गाडीबाहेर असतानाही एसी लावला की पहिली काही मिनिटं तोच खवट वास येतो. म्हणजे अजून कुठे उरलंय का?

पाना_दहा

केबिन फिल्टर. इतके दिवस तीच हवा फिल्टरमधून फिरली, वास त्याच्या कागदात धरलाय. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. धुऊन वापरू नका, नवीन टाका, सक्रिय कोळशाचा मिळाला तर उत्तम. पण पायाखालचा थर वाळल्यावरच बदला, नाहीतर नवाही वास धरेल. तोवर एसी आतली हवा फिरवण्यावर न ठेवता बाहेरची हवा घेण्यावर ठेवा.

उसवण_शिवण

आणि गादी परत बसवायची घाई करू नका. फोम वरून कोरडा लागतो तेव्हा मध्ये ओल असतेच. खालच्या बाजूला कोरडा टिश्यू ठेवून तळव्याने जोरात दाबा आणि थोडा वेळ तसाच धरा. टिश्यू जराही दमट झाला तर अजून वारा द्या. उभी करून ठेवली असेल तर खालची कड सगळ्यात उशिरा वाळते, टिश्यू तिथेही लावून पाहा, आणि गादी मधून मधून उलटी करत जा.