रेडिएटर सोसायटीच्या पार्किंगमधेच बदलू का?

गोरेगावकर:
नमस्कार मंडळी. जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअर. जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ट्रॅफिकमधे अडकलो की टेम्परेचरचा काटा चढतो, रस्ता मोकळा मिळाला की खाली येतो. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलीय तिथे हिरवट-पांढरे डाग पडलेत आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सारखं कमी होतंय. गॅरेजवाला म्हणतो अख्खा बदला. ब्रेक पॅड वगैरे मी स्वतःच बदलतो, तर हे पण घरी जमेल ना? कुर्ल्याला सीएसटी रोडवर, जुन्या पार्ट्सच्या दुकानांत, जुना मिळाला तर घ्यावा का?

स्पॅनरवाला:
जमेल, पण आधी रेडिएटरचा फॅन बघा. उभ्या गाडीत चढतो आणि पळत्या गाडीत उतरतो हे फॅन बंद असल्याचं लक्षण असतं, कारण गाडी पळताना वारा आपोआप जाळीतून जातो आणि उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. इंजिन चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर तपासा, नाहीतर नवीन रेडिएटर टाकूनही काटा चढतच राहील. डाग पडलेत म्हणजे लीक तर आहेच. जुना मात्र अजिबात घेऊ नका, आतून किती चोंदलाय ते बाहेरून कळत नाही.

मुलुंडचा नाना:
इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. आत प्रेशर असतं त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण फिरवलं की सगळं एकदम तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, खालून कुलंट टबात सोडा, मग दोन्ही होज (रबरी पाईप), फॅनचा प्लग आणि फॅनची चौकट काढा. पुढे एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) असतो, त्याचे पाईप सोडू नका, गॅस निघून जाईल, नुसता रेडिएटरपासून सोडवून जागेवर बांधून ठेवा. होज कडक झाले असतील तर हातासरशी तेही बदला आणि झाकणही नवीन टाका, स्वस्तात मिळतं.

गोरेगावकर:
धन्यवाद दोघांना. फॅन व्यवस्थित फिरतोय, म्हणजे लीकच. आता कुलंट कुठलं आणि भरायचं कसं? जुनं गटारात ओतलं तर चालतं का?

स्पॅनरवाला:
गटारात नको हो, प्लीज. इथिलिन ग्लायकॉल असतं त्यात, चवीला गोड, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी फेल होऊन मरतात. कॅनमधे भरून गॅरेजला द्या, सांडलेलं लगेच धुवा. कुलंट मॅन्युअलमधे लिहिलंय त्याच प्रकारचं घ्या, तयार मिळत असेल तर तसंच भरा, कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही. सगळ्यात जास्त वेळ हवा काढायला द्या. हीटर फुल गरमवर ठेवून झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, मग इंजिन थंड असतानाच चालू करून उभं ठेवा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कुलंटला वाट देणारा व्हॉल्व) उघडला की वरचा होज गरम होतो आणि लेव्हल खाली जाते, तेव्हा टॉपअप करा. बुडबुडे थांबले की झाकण लावा, फॅन एक-दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत काट्यावर नजर ठेवा. हीटरमधून गार वारा आला तर हवा अजून आत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर लेव्हल परत बघा आणि मगच जेव्हीएलआरला काढा.