वणव्याचा एसएमएस येईपर्यंत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काय होतं?

सत्तरीवासी
मार्च २०२३ मध्ये आमच्या सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले आणि शेवटी नौदल-हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ऐकतोय, आता उपग्रह आहे, वणवा लगेच कळतो आणि मोबाईलवर एसएमएसने इशारा येतो. मला हे अजिबात पटत नाही. टेरा आणि एक्वा उपग्रहांवरच्या मोडिस यंत्राच्या चित्रातला एक चौकोन एक किलोमीटरचा, म्हणजे शंभर हेक्टर. नव्या व्हिअर्स यंत्राचा ३७५ मीटरचा, तरी सुमारे १४ हेक्टर. इशाऱ्यात मिळतो तो त्या चौकोनाचा मध्यबिंदू. आमच्याकडे १४ हेक्टरांत एक कडा, दोन ओहोळ आणि मधे गच्च रान येतं. आग वर चढतेय की खाली उतरतेय, ते मोबाईल सांगत नाही. पाल्यातून सरपटणारी आग दाट झाडोऱ्याखाली असेल तर बऱ्याचदा ती दिसतच नाही. पैसा जाळरेषांवर (आग पसरू नये म्हणून साफ केलेल्या पट्ट्यांवर) आणि गावातल्या हंगामी राखणदारांवर घाला.

भूगोलाची शिक्षिका, फोंडा
चौकोन १४ हेक्टरचा म्हणून आगही तेवढीच मोठी लागते, असा समज इथे होऊ नये. पेटलेली आग ४ मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या) लहरींत प्रचंड झळकते, तापलेली जमीन त्यामानाने फिकी. संगणक त्या चौकोनाची ११ मायक्रॉनच्या मोजमापाशी आणि शेजारच्या चौकोनांशी तुलना करतो. म्हणून चौकोनाचा छोटासा कोपरा जळत असला तरी तो ओळखू येतो. मोडिसलासुद्धा साधारण हजार चौरस मीटरची आग सापडते. आणि अभयारण्याच्या आतल्या भागात, जिथे मध्यरात्री कुणीच नसतं, तिथे पाहणार कोण?

डिचोलीकर
बाई, विज्ञान मान्य, पण वेळेचं काय? व्हिअर्सचे उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. काजूच्या बागायतीत तळ साफ करून कुणी तीन वाजता पाला पेटवला आणि तो वाऱ्याने रानात शिरला, तर पुढची नजर रात्रीच. त्यात ढग असले की तीही गेली. शिवाय उपग्रहाची माहिती जमिनीवर उतरवून, तपासून पाठवायला वेळ लागतो. नासाची जगभरची माहिती मिळते तीच साधारण तीन तासांत. आपला हवामानाचा उपग्रह इन्सॅट ३६,००० किलोमीटरवरून दिवसभर पाहतो, पण त्याच्या अवरक्त चित्राचा चौकोन चार किलोमीटरचा! त्यात आपलं अख्खं गाव मावेल.

भूगोलाची शिक्षिका, फोंडा
मग तीन तासांनी कळलेलं नको, मुळीच न कळलेलं चालेल? वणवा काही एका दुपारचा नसतो, २०२३ मध्ये तो कित्येक दिवस चालला. दुसऱ्या दिवशी कुठली नवी जागा पेटली, कुठली शांत झाली, हे वरूनच एकत्र दिसतं. शिवाय दरवर्षीचे बिंदू एकावर एक ठेवले की कुठल्या बागायतीला लागून आग पुन्हा पुन्हा सुरू होते ते समजतं. तुमच्या जाळरेषा कुठे काढायच्या, हे ठरवायलाच ती माहिती हवी.

सत्तरीवासी
नोंदीसाठी उपग्रह हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण साट्रेच्या डोंगरावर पोचायचं तर पायी चढायचं. आग लागते तेव्हा तिथे हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती विझवणारी माणसं लागतात, आणि ती पहिल्या तासातच लागतात. सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरचा) तापलेला कातळसुद्धा कधीकधी आग म्हणून नोंदला जातो. फुकटच्या दोन चढाया झाल्या की तिसऱ्या एसएमएसला कोण उठतो?

भूगोलाची शिक्षिका, फोंडा
उठण्याआधी तो एसएमएस यायला तर हवा. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून हे इशारे देतं, सामान्य नागरिकालाही नंबर नोंदवता येतो. तुमच्या वाड्यावर पंच, बागायतदार, शिक्षक, कुणीतरी नोंदवलाय का? इथे लिहा.

सत्तरीवासी
आमच्या वाड्यावर कुणीच नाही. उद्या माझा नोंदवतो. पण राखणदारांच्या पगाराची मागणी मी ग्रामसभेत मांडणारच.